व्हेइक्कोच्या खणातली रॅम

कुहमो, ४ फेब्रुवारी

चि. आर्वोस अनेक आशीर्वाद.

व्हेइक्को गेल्यावर त्याचा लॅपटॉप मी नुसता पुसून ठेवत होते. परवा उघडला. गोठलेल्या तळ्यावर उभा राहून तो बर्फाचे आवाज टिपायचा, ते ऐकायचे होते. पण यंत्र दर दोन क्षणांनी अडखळते. दुकानात म्हणाले, रॅम वाढवा. पट्टी आणली तर बसतच नाही, तिची खाच भलतीकडेच आहे. जोर लावू का? हसू नकोस, मी आणखी कुणाला विचारणार?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
सिर्काताई

तुर्कू, ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

जोर मुळीच लावू नकोस, ती काही लोणच्याची बरणी नाही. तू आणलीस ती डीडीआर फोर असणार. त्या जुन्या यंत्राला डीडीआर थ्रीच लागते, तीही कमी व्होल्टेजची. पट्टीवर थ्रीपुढे 'एल' असेल. भावोजी काही टाकून देत नसत, त्यांचा खण बघ. आधी बॅटरी काढ. पट्टी तिरकी सरकवून खाली दाब. आणि एकटी फार बसू नकोस, इकडे ये.

तुझा, आर्वो

कुहमो, १५ फेब्रुवारी

चि. आर्वोस आशीर्वाद.

खणात पट्टी मिळाली, खट्‌कन बसली. आता बर्फ तडकलेला, कण्हलेला लख्ख ऐकू येतो. पण त्यामागे पावले आहेत. टिपताना व्हेइक्को जागचा हलत नसे. तीच फाइल पुन्हा लावली की पावले आणखी जवळ येतात. कालपासून त्याने उन्हाळ्यात टिपलेल्या पक्ष्यांच्या आवाजामागेही बर्फावरची पावले आहेत. पट्टी काढली की अडखळत वाजते, पण पावले नसतात. मी भित्री नाही, तुला ठाऊक आहे. पट्टी सोबत पाठवते, तपास.

सिर्काताई

तुर्कू, २२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

यंत्र बंद केले की रॅममधले सगळे पुसले जाते, तिच्यात काही उरत नाही, असे तुला लिहिणार होतो. पट्टी तपासली, निर्दोष आहे. मग माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातली आणि आईच्या वाढदिवसाचे चित्रण लावले. आई हसते, कपबश्या वाजतात, आणि बर्फावरून कोणी चालत येते. जवळ येऊन थांबले. आवाज भावोजींचाच होता, ताई. हळूच विचारले, "सिर्का कुठंय?"

मी झाकण मिटले. पट्टी समुद्रात टाकू का?

आर्वो

कुहमो, २६ फेब्रुवारी

चि. आर्वोस आशीर्वाद.

टाकू नकोस. तो तुझ्याकडे आलेला नाही, त्याला घर सापडले नाही एवढेच. मीच पट्टी बाहेर पाठवायला नको होती. मऊ कापडात गुंडाळून लगेच परत पाठव. तोवर लॅपटॉप उघडू नकोस, त्याच्याशी बोलू नकोस. तुझ्याकडे करमायला लागले तर तो इकडे यायचा नाही.

तुझी, सिर्काताई