मंजुळीच्या तांबड्या कांड्या

खरगपूर, कार्तिक महिना, सन १९३४

तीर्थरूप बाबांच्या पायाशी डोमाचा दंडवत.

इथं रेल्वेच्या कारखान्यात मी बरा आहे. अंगठ्याचं नख गेलं होतं, ते नवं येऊन राहिलं. आईले सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

नागपूरचं पत्र पोचलं. माझ्या मंजुळीले तुम्ही हातमागापाशी थापड मारली म्हणे. काहून, बाबा? सहा वर्षांची पोरगी. टोपलीत तांबड्या-हिरव्या सुताच्या कांड्या गिनतीनं सारख्याच पाहून ती बोलली, "आबा, पदराले दोन पट्टे तांबडे न् एक हिरवा लागते. मंग तांबड्या आधी संपतील."

मागापाशी 'संपलं' म्हणणं अशुभ, 'वाढलं' म्हणावं, हे मलेही ठाऊक आहे. पण तिनं खोटं काय सांगितलं? तांबड्या संपल्याच ना? पदर अडला, लुगडं बाजाराले गेलं नाही, अन् खापर तिच्याच डोक्यावर!

आता ती मागापाशी बोलतच नाही, असं तुमच्या सुनेनं लिहवलं. त्याचाच मले राग येते. लहानपणी तुमच्या धाकानं मीही असाच चूप झालो होतो, ते अजून सुटलं नाही. इथं साखळीची कडी चिरलेली मले दिसली होती, पण मिस्तरीले सांगाले जीभ उचलली नाही. कडी तुटली, नख गेलं.

एवढं करा. तिच्यापुढं टोपली ठेवा, कोणत्या किती लागतील ते विचारा, अन् ती बोटांवर मोजेपर्यंत चूप बसा. चुकली तर सांगू नका. तिचं तिले सापडू द्या.

मले तसं कोणी विचारलं नाही, बाबा.

तुमचाच,
डोमा