पावसाच्या तक्त्यातले तेरा दिवस

शुक्रवार, मुखेड

मी अंगण झाडून चहा ठेवेपर्यंत आमचे हे पर्जन्यमापकाची नळी डोळ्यांसमोर धरून उभे असायचे. कोरड्या दिवशीही वहीत शून्य लिहायचे. मी हसायचे, "काहीच न्हाई तर लिहिता काय?" तर म्हणायचे, "अगं, बघितलं म्हणून शून्य. न बघता लिहिलं तर ती थाप हाय."

ते गेल्यापासून वही मी चालवते. परवा लातूरहून लेक आली, कॉलेजात भूगोल शिकवते. वहीतले आकडे घालून काल तिनं संगणकावर रंगीत तक्ता केला. एक चौकोन म्हणजे एक दिवस, पाऊस जास्त तितका निळा गडद. "तालुक्याच्या पावसाचा तक्ता कुणीबी करतंय आई, ह्यो आपल्या वावराचा." किती देखणा! त्यांच्या सगळ्या सकाळी ओळीनं मांडलेल्या.

मधेच तेरा चौकोन रिकामे. ते गेले तेव्हाचे.

"हितं शून्य टाकू का?"

"टाक," म्हणून बसले. शून्याचा रंग फिकट पिवळा. ते तेरा पिवळे चौकोन बघवेनात. त्या दिवसांत पाऊस आला की नाही, मला खरंच ठाऊक नाही. घर माणसांनी भरलेलं, पण नळीकडे कोण बघणार?

जेवताना म्हटलं, "पूस तो पिवळा."

"भोक दिसंल की तक्त्यात."

"दिसू दे."

तिनं उठून पुसला आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

आज ती गेल्यावर मी वहीत त्या तेरा तारखा घातल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, मोजलं नाही.