पहिल्याच घोटानंतरचे आभार

स्वस्ति श्री सकल-पायसांदू-नगर-कंठमणी, उरुग्वाय-नदी-उभयतीर-विख्यात, गायनमार्तंड, निद्राप्रिय चिरंजीव नासारेनो यांस ‘मोडक्या छत्र्या’ या वाद्यवृंदाचे ढोलप्रमुख व ज्येष्ठ बंधू एवारिस्तो यांचे अनेक आशीर्वाद.

रविवारच्या खुल्या तालमीत चाहत्यांसमक्ष येर्बाच्या पाल्याच्या कडू काढ्याचा, हातोहात फिरणारा तुंबा तुझ्याकडे आला. तू एक घोट घेतलास, तुंबा परत दिलास आणि म्हणालास, "आभारी आहे." आभार मानणाऱ्यास पुन्हा तुंबा देत नाहीत, हे येथील तान्ह्या बालकासही विदित आहे. परंतु पहिल्याच फेरीत? तदनंतर तू गिटार खोळीत घालून माँतेविदेओची बस धरलीस.

तेव्हापासून भ्रमणध्वनीवरील चाहत्यांचा गट माझा प्राण घेत आहे. पूर्वी ते चार शेजारी होते. आता त्यांत पैलतीरावरील अर्जेंटिनाही आहे. एउलालियाबाई विचारतात, "अहो एवारिस्तो, पोराला काढा पुरे झाला की आपण सगळे?" सालतो गावचा एक टवाळ लिहितो, "दादा, शनिवारच्या जलशाला तुम्हीच गा. आम्ही कानात बोळे घालून येऊ." मी विनोदी उत्तर लिहितो आणि पुसतो. त्यांना खोटे मला सांगवत नाही, आणि खरे काय ते मलाच ठाऊक नाही.

हे पत्रही धाडणार नाही. धाडले तर तुला उत्तर द्यावे लागेल, आणि ते ऐकण्याचे धैर्य माझ्यात नाही. शनिवारी तुझा ध्वनिक्षेपक मध्यभागीच उभा असेल, आणि पहिला तुंबा त्याच्यापाशी ठेवीन.

तुझा तालबद्ध अग्रज,
एवारिस्तो

ता. क. काढ्याच्या पाण्याच्या थर्मासचे बूच तू नेले आहेस. पाणी निवते. चिंधी कोंबून पाहिली, तर तिच्यातून गळते.