जुन्या डिस्कचा आवाज

जळगाव, मंगळवार

प्रिय अभिमन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरला असशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. पत्र लिहायला कारण एक लॅपटॉप आहे, आणि तो तुझ्या हाताखालून गेलेला आहे.

शिरपूरच्या कॉलेजातल्या सुलक्षणा मॅडम आठवतात? चार महिन्यांपूर्वी तू धुळ्यात त्यांच्या लॅपटॉपला नवी एसएसडी डिस्क बसवून दिलीस. आता त्या जळगावात राहायला आल्यात. गेल्या गुरुवारी गोलाणी मार्केटात माझ्या काउंटरवर आल्या. म्हणाल्या, पळतो छान, पण आतून अधूनमधून टकटक येते. ती जुनी डिस्क तेवढी काढून द्या. मी लॅपटॉप पालथा केला आणि एकटाच हसलो. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर जांभळा ठिपका. आपल्यामागे कोणी मशीन उघडलं तर कळावं म्हणून तू लग्नानंतर आठ दिवसांत कुंदावहिनींची नेलपॉलिश दुकानात आणली होतीस, आणि वहिनी ती शोधत थेट आपल्या उस्तादांपुढे, बापूंपुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. बापूंनी खाली मान घालून बाटली परत केली, जणू चोरी त्यांनीच केली. तीस वर्षं झाली, भल्या माणसा, रंगसुद्धा बदलला नाहीस.

मग काय, काम राहिलं बाजूला. धुळ्यातलं पाचकंदीलजवळचं बापूंचं दुरुस्तीचं दुकान डोळ्यांपुढे आलं. सोल्डरचा धूर, खुंटीवर टांगलेले टेपचे पट्टे, आणि बाकावर आपण दोघं. नातलगांच्या कापडदुकानात गादीवर बसायचं सोडून मी तिथे पंखे पुसायला आलो, म्हणून घरचे सहा महिने माझ्याशी बोलत नव्हते. तू बोलायचास. जळगावात लोक मला कानाचा पक्का म्हणतात, कोणतंही मशीन न उघडता सांगतो म्हणतात. मी मान डोलावतो. पण ही विद्या कुणाची आहे ते मला माहीत आहे. पेचकसाचं टोक मोटरवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि मग तू अहिराणीत निकाल द्यायचास, "बठ्ठं बरोबर शे, फक्त बेअरिंग कोरडी शे." बापू उघडून बघायचे, तर ती कोरडीच. टेप नुसती फिरते तेव्हाचा आवाज वेगळा आणि डोकं टेपला लागून वाचायला लागतं तेव्हाचा वेगळा, हेही तूच मला शिकवलंस. मी महिनाभर ऐकत होतो, तेव्हा कुठे फरक कळला.

तर मॅडमची जुनी डिस्क काढली, झाकण लावलं, बटण दाबलं. काळा पडदा आणि त्यावर एक ओळ, की सुरू करायला डिस्कच सापडत नाही. मॅडम खुर्चीच्या टोकावर आल्या. त्यांचा सहा वर्षांचा प्रबंध त्यात, पुढच्या सोमवारी द्यायचा, आणि दुसरी प्रत नाही. शिकलेली माणसं अशीच असतात. मी एसएसडी काढून पुन्हा नीट बसवली, टोकं पुसली. सेटिंगमध्ये जाऊन डिस्कांचा क्रम बदलला. काही नाही. ती माझ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली, तर प्रबंध जसाच्या तसा. म्हणजे नव्या डिस्कवर सगळं होतं आणि तरी ती जागी होत नव्हती.

शेवटी जुनी परत जोडली. लॅपटॉप लगेच सुरू. मी बंद केला, कान पालथ्या अंगाला लावला आणि पुन्हा बटण दाबलं. जुनी डिस्क फिरायला लागली, ते ठीक आहे, वीज मिळाली की ती फिरणारच. पण कंपनीचं नाव पडद्यावर यायच्या जरा आधी तिचं डोकं कुरकुरलं. ती वाचत होती. विंडोज होती नवीवर, पण सुरुवातीच्या फायली राहिल्या होत्या जुनीवर. तू नवी टाकताना जुनी जागेवरच ठेवलीस, आणि विंडोजने आपल्या जागे होण्याच्या फायली तिच्यावरच लिहून टाकल्या. चार महिने प्रत्येक सकाळी ती म्हातारी उठून नवीला उठवत होती.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला, नव्या डिस्कवर थोडी जागा मोकळी केली, त्या फायली तिथे लिहून घेतल्या. जुनी काढली आणि मॅडमच्या हातात दिली. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला द्यायची बापूंची शिस्त आपण दोघांनीही सोडलेली नाही. बटण दाबलं. जराही आवाज न करता लॅपटॉप उठला. प्रबंधाची दुसरी प्रत मी स्वतः करून दिली. मॅडमना सांगितलं की धुळ्याच्या माणसाने काम चोख केलंय, ही खोड विंडोजची आहे. खरंही आहे ते. नवी डिस्क टाकताना जुनी काढून ठेवायची हे मीही असाच एकदा तोंडघशी पडून शिकलो.

पण चहा घेताना मॅडम सहज बोलून गेल्या. अभिमनभाऊ फार चांगले हो, पण मी विचारायची एक आणि ते सांगायचे दुसरंच. शेवटी त्यांनी वही पुढे केली, म्हणाले, ताई, तक्रार यात लिहून द्या. मी कप खाली ठेवला.

आता मनात दोन वर्षं ठेवलेलं सांगतो. आमच्या रोनकच्या लग्नात मी तुला मांडवामागे, पाण्याच्या पिंपांजवळ नेलं होतं. वाजंत्री जेवायला बसली होती, तिथे शांत होतं. घरात कोणाला, मुलांनाही सांगितली नव्हती अशी एक गोष्ट मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात सांगितली. तू हसलास. "लय भारी, भाऊ," म्हणालास आणि पंगतीकडे गेलास. अभिमन, मी त्या पिंपाला धरून उभा राहिलो. नंतर सहा महिन्यांनी राग गिळून तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मेसेज आला, दुकानात गर्दी आहे, काय ते लिहून पाठव. मी म्हटलं, बघा, प्रेमराजसाठी आता वेळ नाही याला. आणि मीही लावणं सोडलं.

गुरुवारपासून हे सगळं पुन्हा पुन्हा उलगडून पाहतोय. आपल्या दोघांत तू असा होतास की त्या डिस्कचं कुरकुरणं तुला दुकानाच्या दारातून कळलं असतं. ते तुझ्या टेबलावर, तुझ्या नाकासमोर झालं आणि तुला कळलं नाही. म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. तुला ऐकू येत नाही, अभिमन. कधीपासून, ते मला माहीत नाही. वहिनींना सांगितलंस की त्यांच्यापासूनही लपवलंस, तेही नाही. आवाजावर पोट भरलेल्या माणसाने हे गिऱ्हाइकाला कसं सांगावं, एवढं मला कळतं. माझ्यापासून का लपवलंस ते मात्र विचारणार आहे. रविवारी सकाळच्या एसटीने येतोय. दुकानाचं शटर अर्धं वर ठेव, मी वाजवत बसणार नाही. इथे कानाचे एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांचं नंतर बघू. आधी बाकावर बसू, वही मी आणतो. आणि पहिल्या पानावरचं, पिंपांजवळ बोललो होतो तेच वाक्य, आजच लिहून ठेवतो, कारण ते तेव्हाही फक्त तुलाच सांगायचं होतं: माझ्या कुसुमलताच्या छातीत गाठ सापडलीय, आणि मला फार भीती वाटतेय. गाठ कधीच काढली, ती ठणठणीत आहे, परवाच तुझी आठवण काढत होती. तरी तुला सांगायचं राहिलं होतं. आता सांगितलं.

त्याच बाकावरचा, तुझाच
प्रेमराज