विरजणाला घातलेली हाक

प्रिय टॉर्स्टाइनदादास, ऑस्लोहून धाकटीचा नमस्कार.

बियर आंबवायचं तुझं विरजण, ते यीस्ट, मेल्याचं कळलं. आता घराण्याचं उरलंय ते फक्त माझ्याकडच्या आईच्या लाकडी माळेवर वाळलेलं. काल मुलांना घेऊन बसले. "जवाच्या कोमट काढ्यात माळ सोडताना ओरडायचं, नाहीतर विरजण जागं होत नाही, अशी आपल्याकडची रीत," म्हटलं.

"आई, शेजारी पोलीस बोलावतील!" इंगुन म्हणाली.

"बोलावू देत. त्यांनाही पाजू."

सिस्टरांच्या शाळेत कधी आवाज न चढवलेली मी, आधी मीच ओरडले. मग सिग्वेनं अशी आरोळी ठोकली की खालचा कुत्रा भुंकू लागला. सकाळी फेस काठोकाठ!

खोकल्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. औषध घेतोस ना?

माळ त्या फेसात बुडवून पुन्हा वाळत घातलीय. ईस्टरला मुलं ती तुझ्याकडे आणतील. तिथे मात्र तूच ओरडायचं, खोकत खोकत का होईना.

तुझीच,
बोर्गहिल्ड