लिमिटच्या आतलं पाणी

४ फेब्रुवारी, सोमवार
पत्र आलं. शहराच्या गटारात सोडायच्या पाण्याला आता रंगाचीही लिमिट. सहा आठवड्यांत पाणी लिमिटमध्ये आलं नाही तर आमची लाइन सील. म्हणजे फॅक्टरी बंद, म्हणजे एकशे चाळीस माणसं घरी.
आम्ही शाळांच्या युनिफॉर्मचं कापड रंगवतो. सांडपाण्याचा इन-चार्ज मी, एल्काना शिकुकू. सगळ्या नाकुरू शहरात लोक मला इंजिनियर म्हणतात. मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही.
आजचं पाणी मरून रंगाचं. अगदी बीट उकडल्यासारखं.
संकल्प: हे काम प्रामाणिकपणे आणि शास्त्रीय पद्धतीने करायचं.

६ फेब्रुवारी
रात्रभर जागून काढलेलं शुद्धीकरणाच्या टाकीचं ड्रॉइंग गथीरूसाहेबांना दाखवलं. मॅनेजर माणूस, त्याने शांतपणे पाहिलं. टाकी लहान करता येईल का, विचारलं. केली. अजून लहान? केली. आता ती टाकी आमच्या बाथरूममध्ये मावेल.
नाउमेद व्हायचं नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार
बायकोने, रोझलिनने, धुण्यात ब्लीच जास्त ओतलं. ब्राव्हिनची शाळेची मरून हाफपँट पांढरट पडली. ती रडकुंडीला आली, पोरगा रडला. मी मात्र पँट उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिलो. रोझलिनने विचारलं, तुम्हाला बरं वाटतंय ना?
फारच बरं वाटत होतं.

१२ फेब्रुवारी
सांडपाण्याच्या हौदात अर्धं पिंप ब्लीच. दुपारी पाणी चहासारखं, चारला नुसतं पाण्यासारखं. ड्रॉइंगवर फुकट वेळ घालवला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
शहराच्या इन्स्पेक्टर चेरोतिचबाई आल्या. बाटली उन्हात धरली. कसं केलं म्हणाल्या. "प्रोसेस कंट्रोल," मी म्हणालो. तापमान ठीक, रंग ठीक, बाकी लॅबमध्ये. गथीरूसाहेबांनी पाठीवर थाप मारली. जरा जोरातच.

१८ फेब्रुवारी, सोमवार
घरी येताना मुरुगीची आई भेटली. फॅक्टरीच्या खाली, गटाराच्या लाइनीलगत तिचा सुकुमाच्या पालेभाजीचा मळा आहे. कोरड्या दिवसांत या बायका मॅनहोलमध्ये मातीची गोणी घालतात, पाणी तुंबून वर येतं आणि सऱ्यांमधून भाजीला जातं. (बेकायदा आहे. हे लक्षात ठेवावं.) रंगीत पाणी आलं की गोणी काढायची, साधं आलं की घालायची. अकरा वर्षं तिने आमच्या रंगांवर मळा चालवला. कुठल्या महिन्यात कुठल्या शाळेचा रंग, हे तिला आमच्या सेल्सवाल्यांपेक्षा पक्कं ठाऊक.
म्हणाली, आठवडाभर साधंच पाणी येतंय, आणखी चार वाफे लावले. म्हणाली, बरं झालं.
तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या डोक्यावर पाण्याचा कॅन होता. अशा अवस्थेत माणसाला काय सांगणार?
उद्या नक्की.

१९ फेब्रुवारी
वरच्या रस्त्याने आलो. टाळत नाही. चालणं तब्येतीला चांगलं.

२० फेब्रुवारी
वरचा रस्ता.

२३ फेब्रुवारी, शनिवार
मुरुगीची आई फॅक्टरीच्या गेटवर आली. हातात सुकुमाचं पान, कडा कागदासारख्या पांढऱ्या. वॉचमनसमोर पान माझ्या हातात दिलं आणि हे कशानं झालं असेल, विचारलं. आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.
मी म्हणालो, कीड. राख टाका.
का म्हणालो, माहीत नाही. तोंडच बोललं. पण कीड असतेच की जगात! राखेने ती जातेही. खोटं असं त्यात एकही वाक्य नाही.
जेवण गेलं नाही.

२६ फेब्रुवारी
वरच्या रस्त्यावरूनही मळा दिसतो, हे आज कळलं. सगळ्या वाफ्यांवर राख. एकूण एक.
रोझलिनला म्हणालो, सुकुमा आता बस स्टँडजवळून आणत जा. का? म्हटलं, बदल म्हणून. अकरा वर्षांत तुम्हाला भाजीत बदल सुचला नाही, ती म्हणाली.  

१ मार्च
ठाम निर्णय: ब्लीच एक तृतीयांशावर. लोकांना भोगावं लागेल असं काम एल्काना शिकुकूच्या हातून होणार नाही.
अकरा वाजता पाणी गुलाबी. अकरा वाजून पाच मिनिटांनी गथीरूसाहेबांचा फोन.
पूर्ण मात्रा टाकली. वर आणखी थोडं, सुरक्षिततेसाठी.

४ मार्च, सोमवार
लॅबचा रिपोर्ट आला. सगळं लिमिटच्या आत! यादी दोनदा वाचली. ब्लीचमधलं क्लोरीन यादीत नाही. यादीत नाही म्हणजे कायद्याने ते आमच्या पाण्यात नाहीच.
कँटीनमध्ये टाळ्या झाल्या. रंगाच्या विभागातली एक बाई माझा हात धरून म्हणाली, तुमच्यामुळे आमची चूल पेटती राहिली. हे खरं आहे. हे मी रोज स्वतःला सांगणार आहे.

७ मार्च
अर्धा मळा गेला. उन्हाळा कडक आहे यंदा.
शिवाय गोणी बेकायदा आहे. (आधी लिहिलंच आहे.)

९ मार्च, शनिवार
झोप नाही. मी वाईट माणूस नाही. वाईट माणूस झोपला असता.
सोमवारी सांगणार. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा चांगलं जमलं.

११ मार्च, सोमवार
खालच्या रस्त्याने गेलो.
मुरुगीची आई वाळलेले देठ उपटत होती. गोणी मॅनहोलच्या बाहेर, कोरडी. मी सुरुवात केली: मुरुगीच्या आई, त्या पाण्यात एक वस्तू असू शकेल, जी शास्त्रीयदृष्ट्या—
"ब्लीच," ती म्हणाली. "आठवड्यातून दोन दिवस मी लोकांची धुणी धुते, इंजिनियर. पानं पांढरी पडली तेव्हा वाकून वास घेतला. त्याच दिवशी गोणी काढली."
मग उरलेला मळा कशानं गेला, मी विचारलं. विचारायला नको होतं.
"पाण्यावाचून."
मग राख का टाकली?
"तुम्हाला वरच्या रस्त्यावरून दिसावी म्हणून. पान घेऊन गेटवर आले ते विचारायला नव्हते आले. म्हटलं, माणूस आहे, आपणहून सांगेल." तिने देठ ढिगावर टाकला. "पोटापाण्यासाठी टाकता, ते कळतं मला. तुम्ही एवढंच सांगायचं होतं, अमुक वारी टाकत नाही. त्या दिवशी मी पाणी घेतलं असतं. आधी रंग सांगायचा. आता कोण सांगणार?"
मला फार लाज वाटली. इथे लिहून ठेवतो, कारण तिला सांगता आलं नाही.
म्हणालो, वार काढतो. शब्द दिला.

१३ मार्च
गथीरूसाहेबांना भेटलो. आठवड्यातून फक्त एक दिवस बिनब्लीचचा मागितला. त्यांनी पाणी लिमिटमध्ये असल्याच्या, भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं. फ्रेम चांगली आहे.
तरी शब्द तो शब्द. वार काढणारच. पूर्ण संध्याकाळ रजिस्टर तपासलं. असा एक वार खरंच सापडला!

१४ मार्च, गुरुवार
ऑफिस सुटल्यावर जवळजवळ धावतच गेलो. तिला सांगितलं: रविवार. रविवारी आम्ही ब्लीचचा थेंबही टाकत नाही.

"रविवारी तुमची फॅक्टरी बंद असते," ती म्हणाली. "पाणीच येत नाही."
मी खाली बसून देठ उपटायला लागलो. एक वाफा झाला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा ती म्हणाली, राहू द्या, घरी जा.