मशीन नसलेलं घर

प्रिय आई,

घर मिळालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू बसून निवांत वाचशील. नाहीतर उभ्याउभ्याच पानं उलटत शेवट शोधशील. समुद्रासमोर आहे, शांत आहे आणि फार मोठं नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुझं शिलाई मशीन चालू असतं, तू नुसती "हं, हं" करतेस आणि दोन दिवसांनी तेच मला पुन्हा विचारतेस. शिवाय काही गोष्टी मला तोंडानं नीट जमत नाहीत. मनात एक असतं आणि बाहेर तिसरंच पडतं. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं आणि मग स्वच्छ उतरवून काढलं. खाडाखोड दिसत नसली तरी झाली नाही असं समजू नकोस.

तू काय म्हणाली होतीस ते आठवतंय ना? "आमच्यासाठी एखादं शांत घर बघ. समुद्रासमोर. फार मोठं नको." मग मशीन एकदम जोरात पळवलंस आणि त्या घरघरीत म्हणालीस, "आमच्यासाठी म्हणजे आपल्यासाठी. आणि ते मशीनवाले काका पण येईन म्हणतायत. सामान उचलायला." आई, तुझं सामान म्हणजे एक पिशवी आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली. ती उचलायला एवढा समुद्र ओलांडून माणूस आणायचा म्हणजे जरा जास्तच झालं. पण मी तेव्हा "बघतो" म्हणालो, आणि खरोखरच बघायला लागलो.

इथे पाहुण्यांचा मोसम संपला की आम्हा प्लंबर लोकांचा सुरू होतो. मोसमभर माणसं येऊन राहून जातात आणि मागे गळके नळ, तुंबलेल्या मोऱ्या आणि वाळूनं भरलेले पाइप ठेवून जातात. त्यामुळे बेटावरची बहुतेक घरं मी आतून ओळखतो. तुला वाटेल, मग अडचण काय होती. अडचण अशी, की जे घर मी इतरांसाठी दुरुस्त करताना चांगलं म्हणत होतो, तेच तुझ्यासाठी बघायला गेलो की खोडच दिसायला लागायची. जेट्टीजवळचं एक आहे, निळ्या खिडक्यांचं. फोटोत असं वाटतं की जगात ते घर आणि समुद्र सोडून दुसरं काही उरलेलंच नाही. प्रत्यक्षात त्याच्या मागच्या भिंतीला लागून बर्फाचा कारखाना आहे. बोटींसाठी पहाटेपासून लाद्या फोडतात. फोटोला आवाज नसतो, त्यामुळे लोक फसतात. दुसरं टेकाडावरचं, दिसायला सुरेख, पण पायऱ्या उंच आणि एका बाजूला कठडाच नाही. तुझा उजवा गुडघा आठवला आणि मी अर्ध्यातूनच खाली आलो. तरी आमच्या कामावरचे मुकादम बरोबर होते, ते म्हणाले, आता आलोच आहोत तर न्हाणीघर तरी बघ. मी चप्पल काढून, फरशीवर पाणी ओतून चालून बघितलं आणि आडवा झालो. मुकादमांनी हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "अरे, घर भाड्यानं घ्यायचंय की मुलगी बघायला आलायस? आता एकदा हिला चालून दाखवायला सांग आणि गाणं म्हणायला लाव." ते दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले. सांगू देत. तू पडली असतीस तर हसणारा कोणी भेटला नसता.

तिसरं घर एका म्हाताऱ्या बाईंचं. पाण्याची टाकी दुरुस्त करायला त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हापासून त्या मला ओळखतात. किनाऱ्याच्या अगदी टोकाला, झाडांच्या आत. दोन खोल्या आणि मधे बोळ. मी लगेच मनात मांडणीही करून टाकली: एका खोलीत तू, दुसऱ्या खोलीत काका आणि मधल्या बोळात माझी खाट. आपल्या घरी कशी माझी खाट आतल्या खोलीत, बाहेरच्या खोलीच्या दाराला लागूनच असते, जवळजवळ तसंच. म्हणून तर मला ते घर एवढं आवडलं असावं. म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "माणसं किती?" मी म्हणालो, तीन. "कोण कोण?" मी म्हणालो, "मी, माझी आई आणि..." आणि पुढे शब्दच येईना. नळ उघडावा आणि पाण्याऐवजी नुसती हवा फुसफुसावी, तसं झालं. त्या वाट बघत राहिल्या. शेवटी मी म्हणालो, "मशीनवाले काका." त्या म्हणाल्या, "सुट्टीला येताय ना? मग मशीन कशाला आणताय बरोबर?"

आई, त्या दिवशी काम करताना माझं लक्ष नव्हतं. मी मशीनचाच विचार करत होतो. आपलं मशीन मला नीट कळतं. मी शाळा नववीत सोडली, पण त्या मशीनजवळ माझं जे शिक्षण झालं ते काही कमी नाही. काकांनी मला दोरीला लोहचुंबक बांधून दिलं होतं, जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायला. तेव्हापासून तू मला टाचण्या म्हणायला लागलीस आणि अजून म्हणतेस, आता मी तुझ्यापेक्षा हातभर उंच झालो तरी. काका यायचे, पायडलजवळ मांडी घालून बसायचे, हत्यारं कापडावर ओळीनं मांडायचे. काम संपलं की हात पुसायचे आणि मग त्या फडक्याचा कोरा कोपरा शोधून बाबांच्या फोटोची काच पुसायचे. कोणी सांगितलं नव्हतं. ते पुसताना फोटोकडे बघायचेही, एखाद्याला "येतो हं" म्हणावं तसं. बाबांची मला फारशी आठवण नाही, पण त्यांच्या फोटोवर आपल्या घरात कधी धूळ बसली नाही, हे मला आठवतं.

आणि आपलं मशीन फार बिघडायचं. एवढ्या चांगल्या कंपनीचं मशीन, शेजारच्या गल्लीतल्या तीन बायकांकडे तेच, त्यांचं वर्षातून एकदा बिघडायचं आणि आपलं दर महिन्याला. प्रत्येक वेळी दुखणं तेच: खालून धाग्याची गुंतवळ. मला बरेच दिवस वाटायचं की काकाच काहीतरी अर्धवट ठेवून जातात. पण काका अर्धवट काम करणारे नाहीत. मग एकदा मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होतो, तर तू बॉबिनची डबी हातात घेतली होतीस आणि छोट्या पेचकसानं तिचा स्क्रू सैल करत होतीस. अगदी मन लावून, ओठ घट्ट मिटून. मी तसाच मागे फिरलो. तुला कळलं नाही, आणि मी कधी बोललो नाही. संध्याकाळी तू म्हणालीस, "टाचण्या, जा रे, त्या मिस्त्रींना सांग, पुन्हा बिघडलं." मी गेलो. काका म्हणाले, "पुन्हा? कमाल आहे." आणि पिशवी उचलून माझ्या आधी चालायला लागले. त्यांनाही माहीत असणार. तोच स्क्रू इतक्या वेळा सैल झाला तर साध्या माणसालाही कळेल, ते तर मिस्त्री.

दुरुस्ती झाली की ते मशीन रिकामं पळवून बघायचे, धागा न घालता. फार वेळ पळवायचे. मी आत पडलेला असायचो आणि मला त्या घरघरीच्या खाली तुमची बोलणी चालल्याचं कळायचं. शब्द नाही, नुसता चढउतार. कधी तू हसायचीस. तू मशीन बंद असताना एवढी हसत नाहीस. मशीन थांबलं की लगेच "बरं मिस्त्री, किती झाले?" आणि "राहू द्या हो, नुसता स्क्रू तर होता." मी कधी कान लावला नाही, आई. तुमचं जे काही होतं ते त्या आवाजाच्या आड होतं आणि ते तिथेच बरं, असं मला वाटायचं.

पण मी इकडे यायच्या आदल्या वर्षी, एका दुपारी, मशीन चालू असताना वीज गेली. मोटार थांबली आणि तू वाक्याच्या मधेच होतीस. तुला आवाज खाली आणायलाही वेळ मिळाला नाही. तू म्हणालीस, "त्याला विचारल्याशिवाय नाही. आणि त्याला मी कोणत्या तोंडानं विचारू?" मग काकांचा आवाज, "वीज गेली वाटतं." मग तुझा, जरा मोठ्यानं, आत ऐकू जाईल असा, "हो ना, आता शिलाई राहिली." मी झोपलोय असं तुला वाटावं म्हणून कूस वळून भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मला बेटावरचं हे काम मिळालं आणि मी आलो. मी गेल्यावर घरात जागा होईल, तुम्हाला बोलायला मशीन लागणार नाही, असं मला वाटत होतं. पण दर फोनला मागे मशीन चालूच. मी समुद्रापलीकडे गेलो तरी तुझ्या हिशेबी अजून आतल्या खोलीतच पडलेलो आहे.

म्हाताऱ्या बाईंनी मशीनचं विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांचंच एक छोटं घर आणखी पुढे आहे, एकाच खोलीचं. ते मी आधी नीट बघितलंच नव्हतं. पुढे व्हरांडा, व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या, पायरी एकच आणि ठेंगणी, मग वाळू, मग पाणी. न्हाणीघराची फरशी खरबरीत आहे, मी चालून बघितलं. नळाला चटकन पाणी येतं. झाडांवर नारळ आहेत, पण छपरावर एकही झुकलेला नाही. ते मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. मग शांतता बघायची राहिली. मुकादमांना एका खुर्चीत बसवलं, मी दुसऱ्या खुर्चीत बसलो आणि अगदी हळू, मनातल्या मनात म्हणावं तसं म्हणालो, "थोडा चहा घेणार का?" मुकादम म्हणाले, "ऐकू येतंय की. पण असा का बोलतोयस? मी काय तुझी बायको आहे?" म्हणजे घर पास झालं. तिथे किती हळू बोललं तरी समोरच्याला ऐकू येतं, आणि समोरच्याशिवाय दुसरं कोणी नसतंच.

तरीही मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक शेवटचा घोळ घातला. म्हाताऱ्या बाईंच्या घरून तिसरी खुर्ची उचलून आणली. म्हटलं, रात्री मी कुठेही झोपेन, दिवसा बसायला तर लागेल. इकडे ठेवली, तिकडे ठेवली, आडवी करून बघितली. तिसरी खुर्ची कुठेही ठेवली तरी दार पुरतं उघडत नाही. मुकादम बघत होते. नेहमीसारखं काहीतरी बोलतील असं वाटलं, पण ते एवढंच म्हणाले, "दे इकडे, मी पोचवतो ती परत." मी म्हणालो, नको, माझी मीच नेतो.

तर आई, ते घर मी घेतलं आहे. मी तुमच्याबरोबर राहणार नाही. जेट्टीवर घ्यायला येईन, पिशवी मात्र काकांनाच उचलू देईन, कारण ते त्यासाठीच येतायत. नळ, दिवे, कड्या दाखवीन, एक चहा घेईन आणि बेटाच्या पलीकडच्या बाजूला आमच्या कामगारांच्या खोल्यांवर जाईन. रविवारी जेवायला येईन, आणि येताना लांबूनच खोकेन. बाईंना मी सांगितलं, माणसं दोन. त्यांनी पुन्हा विचारलं, "कोण?" या वेळी शब्द लगेच आला. म्हणालो, "माझी आई आणि तिचे होणारे यजमान." त्यांनी मान हलवली, एवढंच. मी मात्र घरी येईपर्यंत ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो, कुठे गळतात का ते. गळत नाहीत. हे पत्र घरासाठी लिहिलंच नव्हतं, आई. तुला मला विचारता आलं नाही, म्हणून तू न विचारताच मी उत्तर देतो आहे. माझं उत्तर हो आहे. मी जागा होतो त्या दुपारीही हो होतं, फक्त मला उठून बाहेर येता आलं नाही. आता ती बॉबिनची डबी घट्ट करून ठेव, आणि येताना मशीन बंद करून ये. काकांना रिकाम्या हातानं बसता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी समुद्राकडे तोंड करून दोघं अवघडून बसाल आणि कोणालाच काही सुचणार नाही. म्हणून सगळं घर दुरुस्त करून झाल्यावर, तुझ्या बाजूच्या खिडकीच्या झडपेचा एक स्क्रू मी सैल करून ठेवला आहे. त्यांना सांग, पेचकस बरोबर घ्या.

तुझाच,
टाचण्या